उलट्या उजेडातला चेहरा

आधी एक गोष्ट नोंदवते. मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. एखाद्या मुलाने "टीचर, भूत असतं का?" असं विचारलं, की मी त्याला फळ्यावर तीन रकाने आखायला लावत असे — काय पाहिलं, काय ऐकलं, काय वाटलं. बहुतेक भुतं तिसऱ्या रकान्यात सापडत आणि तास पुढे सरके. या सदरातले अनुभवही मी त्याच नजरेने वाचत आले, कधीकधी हसूनसुद्धा... क्षमस्व. आज मी स्वतः लिहायला बसले आहे, आणि जे सांगणार आहे ते सगळं पहिल्या दोन रकान्यांतलं आहे. माझी अडचण नेमकी तीच आहे.

आम्ही बेंगळूरूत, बनशंकरी सेकंड स्टेजमध्ये राहतो. मी मूळची निपाणीची. यजमानांचा — श्रीकांत त्यांचं नाव, पण मी 'हे' असंच लिहिणार, दुसरं जमत नाही — इथेच फोटो स्टुडिओ होता. मुलगी मेधा हेब्बाळला एका आयटी कंपनीत आहे. जावई निखिल पुण्याचा, तोही त्याच क्षेत्रातला. दोघं आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. नातू ओजस. हे सारं घडलं तेव्हा त्याला तीन वर्षं पूर्ण व्हायला दोन महिने बाकी होते.

ओजसचा जन्म व्हायच्या दीड महिना आधी यांना स्ट्रोक आला. बारा दिवसांनी हे घरी आले ते हात, पाय, वाचा सगळं शाबूत ठेवून. आम्ही गल्लीत पेढे वाटले. भेटायला येणाऱ्यांशी हे छान बोलत. दूधवाला आला की "या अण्णा", नर्स आली की "बसा अक्का", शेजारचे निवृत्त इंजिनियर आले की "काय सार, कसं काय?". कुणालाही काहीही शंका आली नाही. आपल्याकडे माणसाला नावाने हाक मारावी लागते. इथे अण्णा, अक्का आणि सार या तीन शब्दांत सगळं शहर मावतं.

कळलं ते असं. तपासणीसाठी दवाखान्यात गेलो होतो. यांना बाकावर बसवून मी फाइल आणायला काउंटरवर गेले, परतले आणि काही न बोलता शेजारी बसले. हे थोडे सरकले, माझ्याकडे पाहून नम्रपणे हसले आणि कानडीत म्हणाले, "अक्का, स्वल्प आ कडे... इल्ली नम्म मनेयवरु कूतिद्रु."

म्हणजे — ताई, जरा पलीकडे बसता का, इथे आमची मंडळी बसली होती.

मला आधी थट्टा वाटली. मी म्हटलं, "अहो, मीच आहे."

आवाज ऐकताच चेहरा उजळला. "अगं, मग बोलत का नाहीस? मी त्या बाईंना उगाच उठवत होतो!"

बाई कुठे गेल्या ते हे आजूबाजूला पाहून शोधत राहिले. तेव्हा मला समजलं की स्ट्रोक आल्यापासून हे आम्हा कुणालाच ओळखत नव्हते, आणि एका शब्दानेही ते जाणवू देत नव्हते. चव्वेचाळीस वर्षांचा संसार, आणि मी 'अक्का' झाले होते! मी हसले की रडले ते आठवत नाही. बहुधा दोन्ही.

थोडं शास्त्र सांगते, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. डोळा म्हणजे कॅमेरा, असं मी वर्षानुवर्षं शिकवलं. ते अर्धंच खरं आहे. डोळ्याने टिपलेलं चित्र मेंदूच्या मागच्या टोकाला पोहोचतं आणि तिथून त्याची वाटणी होते — रंग एकीकडे, हालचाल दुसरीकडे. मेंदूच्या खालच्या अंगाला एक लहानसा पट्टा मुख्यत्वे चेहऱ्यांसाठी राखलेला असतो. त्याच्या जवळच दुसरा असतो तो जागांसाठी — रस्ते, खोल्या, चौक. बाजारात पन्नास माणसांतून आपण आपलं माणूस क्षणात वेचतो, स्वतःच्या गल्लीचं वळण विचार न करता घेतो, ते या दोन पट्ट्यांच्या जोरावर. केवढं मोठं काम, आणि कसे मुकाट्याने करतात! यांचे नेमके हेच दोन भाग रक्ताविना राहिले होते.

नाक दिसे, डोळे दिसत, गालावरचा तीळ दिसे. पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचता येई. पण दिसलेल्याची बेरीज होत नसे. पिंपळाची दोनशे पानं समोर ठेवली तर आपल्याला प्रत्येक पान स्वच्छ दिसतं; काल पाहिलेलं कोणतं, ते मात्र सांगता येत नाही. यांच्यासाठी माणसांची पानं झाली होती. घरातून बाहेर पडून मागे वळून पाहिलं तर आपलंच घर यांना परकं वाटे.

आणि हे कुणाचं व्हावं? ज्या माणसाने उभं आयुष्य चेहरे पाहण्यात घालवलं त्याचं! गिऱ्हाईक पावती हरवून आलं तरी हे एकदा तोंडाकडे पाहत आणि तारेवर वाळत टाकलेल्या निगेटिव्हमधून बरोबर त्याचीच काढून देत. काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या काळात हे सतराव्या वर्षापासून निगेटिव्ह रिटच करायला शिकले. काचेखाली दिवा, काचेवर निगेटिव्ह, आणि हातात टोकदार पेन्सिल. मुरुमाचा डाग, डोळ्यांखालची सुरकुती, जे काही मिटवायचं ते निगेटिव्हवरच मिटवायचं. त्यात केस पांढरे, दात काळे, डोळ्यांची बुबुळं चकाकणारी. मला तर प्रत्येक जण सारखाच भयानक दिसे. हे मात्र म्हणत, "मला माणूस असाच आधी दिसतो. सुलटा नंतर."

यांनी तक्रार केली नाही. आवाज, चाल, चपलेचा घासण्याचा ढंग — अशा खुणांवर नवी ओळख बांधली. रस्त्यांसाठी यादी पाठ केली : बेकरी, मग इस्त्रीची गाडी, मग लाल गेट म्हणजे आपलं. यांच्या जागी मी असते तर अंथरूण धरलं असतं.

ओजस मात्र अवघड होता. मुळात तो कमी बोलणारा मुलगा. आणि यांनी त्याचा चेहरा आजारपणाआधी पाहिलेलाच नव्हता — तेव्हा तो जन्मलाच नव्हता. दुसऱ्यांच्या चेहऱ्यांची निदान जुनी आठवण होती; ओजसची पाटी यांच्याकडे कोरीच. त्यामुळे खोलीत दुसरं मूल असलं की हे थांबून राहत. ओजसने "आबा" म्हटलं की मगच हात पुढे करत.

ओजस आमच्या मागच्या रस्त्यावरच्या प्ले-स्कूलला जाऊ लागला. आणायला आम्ही दोघं जात असू. एके दिवशी माझी दाढ काढलेली होती. हे म्हणाले, "दोन गल्ल्या तर आहेत. त्याच्या बॅगेवर निळा हत्ती आहे. मी आणतो."

निळा हत्ती आणखी एका मुलाच्या बॅगेवरही होता.

सगळ्या मुलांचे टी-शर्ट पिवळे. हे तिथे रोजचेच, ओळखीचे. यांनी निळा हत्ती पाहिला, मुलाचा हात धरला आणि निघाले. मूलही अंगठा चोखत मुकाट चाललं. इस्त्रीच्या गाडीपाशी इस्त्रीवाली अक्का म्हणाली, "ताता, इदु यार मगु?" — आजोबा, हे कुणाचं मूल?

हे धावत माघारी गेले. चार-पाच मिनिटांचाच प्रकार. पण गेटवर त्या मुलाची आई किंचाळत होती आणि ओजस पायरीवर बसून रडत होता. रडणं ऐकून यांना कळलं की आपला तो आहे.

संध्याकाळी मेधा आणि निखिल खाली आले.

"बाबा, मी चिडलेली नाहीये," मेधा म्हणाली. आवाज चिडलेल्या माणसाचाच होता.

निखिल म्हणाला, "बाबा, प्लीज गैरसमज नको. पण सेफ्टीचा प्रश्न आहे. आम्ही येलहंक्याला घर बघितलंय. तिथून ऑफिसही जवळ पडेल, डेकेअर बिल्डिंगमध्येच आहे. रविवारी आणत जाऊ ओजसला."

मी काही बोलणार तोच हे म्हणाले, "घेऊन जा. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मलाच माझी भीती वाटते."

त्या दिवसापासून यांनी ओजसला आपणहून कधी जवळ घेतलं नाही. तो मांडीवर चढला तरी हात बाजूला ठेवून बसत, परक्याचं मूल चढल्यासारखे. महिनाअखेरीला सामान हलणार होतं.

सामान बांधतानाच ते घडलं. शनिवार, सकाळचे साडेदहा. मेधाने माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तिच्यात स्टुडिओ बंद करताना ठेवून दिलेली घरची निगेटिव्ह होती, कागदी पाकिटांत. हे खिडकीपाशी बसले होते. सहज एक पट्टी उचलून उजेडात धरली.

"मेधा," हे म्हणाले.

"काय बाबा?"

"तुला हाक नाही मारली. ही मेधा आहे. पहिलीतली. पुढचा दात पडला होता तेव्हाची."

मी झटकन जाऊन पाहिलं. "पडलेला दात दिसतोय म्हणून ओळखलंत ना?"

"कुठे दिसतोय? दात पडला म्हणून तर तिने तोंड घट्ट मिटलंय." मग यांच्याही लक्षात आलं. यांनी पट्टी पुन्हा उजेडात धरली. "अगं... मेधा आहे ही. मला दिसतेय."

मी त्याच पाकिटातला छापलेला फोटो समोर धरला. तीच मेधा, तेच मिटलेलं तोंड. हे पाहत राहिले. "मुलगी आहे. रिबिनी आहेत. कोण ते कळत नाही." पुन्हा निगेटिव्ह धरली. "मेधा."

पुढची वीस मिनिटं खोलीत नुसती नावं ऐकू येत होती. माझी आई, यांचे काका, स्टुडिओतला सहायक, निपाणीच्या लग्नातली सगळी रांग... फोटोत एकही नाही, निगेटिव्हमध्ये एकही चुकला नाही.

इथपर्यंत मी गोंधळले नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. मी स्वतःला समजावलं : यांनी कोवळ्या वयापासून चेहरे उलट्या उजेडात वाचले. त्या वाचनासाठी मेंदूने दुसरीच एखादी वाट पाडली असेल आणि ती झटक्यातून वाचली असेल. जुनी ओळख जुन्या वाटेवर शिल्लक राहिली. अद्भुत, पण समजण्यासारखं. मेंदूबद्दल मला इतका आदर यापूर्वी कधीच वाटला नव्हता.

मग निखिल म्हणाला, "आई, फोनवर कुठलाही फोटो निगेटिव्ह करता येतो. एक मिनिट."

त्याने ओजसचा फोटो उघडला, रंग उलटे केले. मी त्याला अडवलं. "अरे, नको. त्यांनी ओजसला कधी ओळखलेलंच नाही. आठवण असली तर ओळख पटणार ना! उगाच मन मोडेल."

पण फोन यांच्या हातात गेला होता. हे बराच वेळ पाहत राहिले. अंगठा काचेवर बारीक बारीक फिरत होता, पेन्सिल फिरवावी तसा.

"हा आपला ओजस," हे म्हणाले.

मग मेधा म्हणाली, "बाबा, अंदाजाने सांगताय तुम्ही. निखिलच्या फोनमध्ये दुसरं कुणाचं पोर असणार?"

तिचं बरोबर होतं. चाचणीच चुकीची होती. म्हणून मी नीट चाचणी आखली. प्ले-स्कूलच्या स्नेहसंमेलनाचा ग्रुप फोटो होता — बावीस मुलं, एकाच रंगाचे टी-शर्ट, बॅगा नाहीत. निखिलने प्रत्येक चेहरा फक्त कपाळापासून हनुवटीपर्यंत कापला, केस आणि कान वगळून, आणि रंग उलटे केले. क्रम त्याने वरच्या खोलीत बसून बदलला, म्हणजे खाली आमच्यापैकी कुणालाच तो माहीत नव्हता, आणि आमच्या चेहऱ्यावरून यांना सुगावा लागायचा प्रश्न नव्हता. मेधा आणि मी तर यांच्याकडे पाठ करून बसलो.

"नाही... नाही... हा कोण ते माहीत नाही... नाही..." असं चाललं होतं. मग, "हा ओजस."

थोड्या वेळाने पुन्हा थांबले. "आणि हा... हा तो."

"तो कोण?" मी विचारलं.

"त्या दिवशी मी ज्याला घेऊन निघालो होतो, तो."

तो मुलगा कोणता ते मला माहीत नव्हतं. निखिललाही नाही. मेधा उठली, फोन हातात घेतला, रंग सुलटे केले आणि तशीच उभी राहिली. त्या प्रकारानंतर दुसऱ्या दिवशी माफी मागायला ती त्या मुलाच्या घरी गेली होती.

"आई," ती म्हणाली, "विहानच आहे हा."

आता माझा प्रश्न पाहा. ओजसला हे पावणेतीन वर्षं रोज पाहत होते, तरी पाहत नव्हते. विहानला चार-पाच मिनिटं पाहिलं, तेही वरून, चालता चालता. दोघांनाही निगेटिव्हमध्ये यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. जी ओळख कधी पटलीच नाही, ती साठली कुठे? सुलटा चेहरा आत जाऊन उलटा करून कुणी ठेवला?

आम्ही यांच्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंकडे गेलो. पस्तिशीच्या असतील, मंड्याकडच्या. त्यांनी स्वतः चाचणी घेतली, त्यांच्या फोटोंवर. काही वेळापूर्वीच भेटलेली त्यांची रिसेप्शनिस्ट हे निगेटिव्हमध्ये ओळखून मोकळे झाले. मग बाईंनी दाराबाहेर उभ्या असलेल्या त्याच मुलीकडे बोट दाखवून विचारलं, या कोण? हे म्हणाले, "कुणीतरी अक्का."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. "सर्वसाधारण माणसाला निगेटिव्हमध्ये ओळखीचा चेहराही कठीण जातो. यांचं उलट का, ते मी कामाच्या सवयीवर ढकलू शकते. पण नवे चेहरे..." त्या हसल्या. "गोत्तिल्ल, टीचर. मला माहीत नाही."

असं सरळ उत्तर द्यायला मोठं शिक्षण लागतं. मी त्यांना मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

निखिलने यांच्या फोनमध्ये अशी सोय केली की कॅमेरा समोर धरला की पडद्यावर सगळं उलट्या रंगांत दिसावं. पहिल्यांदा यांनी तो माझ्यासमोर धरला. मी मुद्दाम बोलले नाही. श्वासही रोखला होता.

हे पाहत राहिले. मग म्हणाले, "केस काळेभोर दिसतायत गं. म्हणजे तुझे सगळे पिकले!"

"तुमच्याच काळजीने," मी म्हटलं.

"आणि डोळ्यांखाली जरा पेन्सिल फिरवावी लागेल."

"खबरदार," मी म्हटलं, आणि स्वयंपाकघरात निघून गेले. डोळ्यांत पाणी आलेलं यांना उलट्या रंगांत कसं दिसतं ते मला दाखवायचं नव्हतं.

मेधा मात्र अजून तयार नव्हती. ती आई आहे, तिचं चुकतं असं मी म्हणणार नाही. "फोटो वेगळे आणि गेट वेगळं," ती म्हणाली. "बावीस मुलं एकदम बाहेर येतात. एकदा मी बघते. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहीन. बाबांनी एकट्याने जायचं. चुकलं तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

"मान्य," हे म्हणाले.

मंगळवारी दुपारी साडेबारा. ओजसची नेहमीची बॅग मेधाने मुद्दाम बदलली होती. ते यांनाही माहीत नव्हतं. मी तिच्याबरोबर पलीकडच्या फुटपाथवर. हे गेटपासून चार पावलांवर उभे राहिले आणि फोन छातीशी धरला. विहानची आईही होती. यांना पाहताच ती दोन पावलं पुढे सरकली आणि गेटच्या अगदी तोंडाशी उभी राहिली.

दार उघडलं. पिवळा लोंढा बाहेर आला. हे हलले नाहीत. फोन हळूहळू डावीकडून उजवीकडे फिरत होता. एक मुलगा थेट यांच्या पायाशी येऊन थांबला. यांनी पडद्यात पाहिलं, वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विहानच्या आईला म्हणाले, "अम्मा, हा तुमचा." आणि फोन पुढे फिरवत राहिले.

मेधाने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला.

ओजस सगळ्यात मागे होता, बुटाचा निघालेला पट्टा तोंडात धरून. त्याने अजून मान वर केली नव्हती. आबांना पाहिलंही नव्हतं. पडद्यात तो दिसताच यांनी फोन खाली केला, मुलांमधून वाट काढत सरळ त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले, "ओजस!"

त्याच्या जन्मापासून पहिल्यांदा, तो काही बोलायच्या आधी.

ओजसला अर्थातच त्यात काही विशेष वाटलं नाही. त्याने तोंडातला पट्टा काढून आबांच्या हातात दिला.

येलहंक्याच्या घराला मेधाने रस्त्यातूनच फोन करून नकार कळवला.

वाचकांपैकी कुणी डॉक्टर असतील, संशोधक असतील, त्यांनी जरूर लिहावं. मी उत्तर वहीत उतरवून घेईन. आजवर मिळालेलं एकही स्पष्टीकरण विहानपाशी टिकत नाही. मी पुस्तकं धुंडाळली, जुन्या सहकाऱ्यांना विचारलं, आणि शेवटी एका दुपारी यांनाच विचारलं, "खरं सांगा, इतके दिवस तुम्हाला दिसत नव्हता, तर ओजसला पाहत कोण होतं?"

हे ओजसचा बूट पुसत होते. हातातलं फडकं न थांबवता म्हणाले, "मीच पाहत असणार की. मला कुणी कळवलं नव्हतं, इतकंच."